मोटार सुरू झाली की बोर्ड हँग होतो: इंटरप्ट हँडलरमध्ये नेमकं किती काम करावं?

रावेरचा_पोर (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, कारण अर्धी माहिती दिली तर उत्तरही अर्धंच मिळेल.

रावेरजवळ आमची केळी आहे, यंदा चार एकर मृगबाग. ठिबकला पाणी विहिरीवरच्या १० एचपी मोटारीचं. रात्रीच्या पाळीत लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. पण फिल्टर चोंदलेला असला तर मोटार रात्रभर फिरते, युनिट पडतात आणि सकाळी बघावं तर बागेत ओल नाही. म्हणून मेन लाईनवर पल्स देणारा पाण्याचा मीटर बसवला. आत रीड स्विच आहे, दर १० लिटरला एकदा जोड लागतो. तिथून साधारण साठ मीटर वायर मोटारीच्या खोलीत येते आणि रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डाच्या जीपीआयओ पिनला (सिग्नल आत घ्यायच्या पिनला) जोडली आहे.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, शिकायचाच होता, म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर स्वतः लिहिला. पल्स आली की प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हाक, जाते आणि माझा हँडलर चालतो. तो असा: स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरतो, मोजणी एकने वाढवतो, आय-टू-सी या दोन तारांच्या बसवरच्या प्रेशर सेन्सरचं वाचन घेतो, दोन्ही आकडे बफरमध्ये टाकतो, एक ओळ प्रिंट-के करतो (कर्नलच्या लॉगमध्ये लिहितो) आणि लॉक सोडतो. वरती एक छोटा प्रोग्राम दर सेकंदाला डिव्हाइस फाइलमधून आकडे वाचतो.

टेबलावर बटण दाबून पाहिलं तेव्हा आकडे बरोबर येत होते, पण लॉगमध्ये "शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक" अशी ओरड होती. चालतंय म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. शेतात मात्र मोटार सुरू झाली की काही मिनिटांत बोर्ड हँग. परवा रात्री दोनला नाना टॉर्च घेऊन प्लग काढायला गेले. सापाकिरड्याचे दिवस आहेत, मला फार वाईट वाटलं.

प्रश्न एकच: इंटरप्ट हँडलरमध्ये किती काम करावं? आणि माझं नेमकं काय चुकतंय?

---

शेवभाजी (मंगळवार, रात्री ९:५२)

लाईट आली की मोटार चालू, मोटार चालू झाली की बोर्ड बंद. आपल्याकडे एका वेळी सगळं चालू राहील अशी अपेक्षाच चूक आहे भाऊ 😀

यातलं काही कळत नाही, पण नानांना रात्री पाठवू नका. जाणकार येतीलच.

---

कर्नलवेडा (मंगळवार, रात्री १०:३०)

मूळचा अमळनेरचा, पुण्यात नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहितो.

लॉगमधली ती ओरड हेच तुमचं पहिलं उत्तर आहे. इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातलं काम आहे तिथे सोडून तुमच्या हँडलरमध्ये येतो. त्या क्षणी तिथे कुठला प्रोग्राम चालू होता, याच्याशी तुमचा काही संबंध नाही. त्याची जागा तुम्ही घटकाभर उसनी घेतली आहे. हँडलरला स्वतःची प्रोसेस नसते. म्हणून त्याला झोपता येत नाही. झोपायचं म्हणजे "मला बाजूला ठेव, दुसऱ्याला चालव, नंतर उठव" असं शेड्यूलरला सांगायचं. पण बाजूला ठेवायला इथे तुमचं असं काही नाहीच.

आय-टू-सी चं वाचन झोपतं. १०० किलोहर्ट्झच्या बसवर एका बाइटला ९ क्लॉक लागतात, म्हणजे ९० मायक्रोसेकंद. पत्ता, रजिस्टर, पुन्हा पत्ता आणि डेटाचे दोन बाइट मिळून पाच बाइट, म्हणजे जवळपास अर्धा मिलिसेकंद. तुमचा प्रोसेसर १.५ गिगाहर्ट्झचा. त्याच्या हिशेबाने हे पावणेसात लाख क्लॉक झाले! एवढा वेळ कोणी रिकामं बसत नाही, म्हणून आय-टू-सी चा ड्रायव्हर झोपतो आणि काम झालं की उठतो. तुम्ही त्याला इंटरप्टमधून बोलावलंत, वर स्पिनलॉक धरून. दोन्ही वर्ज्य.

प्रिंट-के बद्दलही सांगतो. सिरियल कन्सोल ११५२०० बॉडवर चालू असेल तर सेकंदाला साधारण ११,५२० अक्षरं जातात. ८० अक्षरांच्या एका ओळीला ७ मिलिसेकंद. हँडलरमध्ये ते ओझं नको.

उपाय: रिक्वेस्ट_आयआरक्यू ऐवजी रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू वापरा. वरचा हँडलर फक्त मोजणी वाढवून "आयआरक्यू_वेक_थ्रेड" परत करेल. सेन्सर वाचायचं काम थ्रेडमध्ये, म्हणजे शेड्यूलर वेगळं चालवतो त्या कामात. थ्रेडला झोपता येतं. ही सोय २००९ साली २.६.३० मध्ये मुख्य कर्नलमध्ये आली.

---

गिरणाथडी (मंगळवार, रात्री ११:०५)

चाळीसगावची आहे, एम्बेडेडमध्ये बारा वर्षं. मी नव्या मुलांना हे असं सांगते.

तुम्ही कळण्याच्या भाकरी थापताय. एक भाकरी तव्यावर, हात पिठाचे. दूधवाल्याने बेल वाजवली. तुम्ही काय करता? दार उघडता, पातेल्यात दूध घेता, ओट्यावर ठेवता आणि परत तव्याकडे. दूध तापवायचं आहेच, पण ते भाकरी झाल्यावर. दूध घेणं हा वरचा अर्धा भाग, तापवणं हा खालचा. दूधवाल्याला दारात थांबवून दूध उकळेपर्यंत तिथेच उभ्या राहिलात तर भाकरी जळते आणि मागचा पेपरवालाही ताटकळतो.

आता घेताना काय घ्यायचं, हेही महत्त्वाचं. जे नंतर मिळणार नाही ते आत्ताच घ्यायचं. पल्स येऊन गेली की गेली, म्हणून मोजणी वरच्या भागात. प्रेशर दोन मिलिसेकंद उशिरा वाचलं तरी पाइपातलं पाणी कुठे पळत नाही, म्हणून ते खालच्या भागात.

---

साक्रीकर (मंगळवार, रात्री ११:२०)

ताई, दूधनी गोट ध्यानमा बठनी. आते मन्हा डोकामा उजेड पडना. 🙏

---

सिग्नलघर (बुधवार, सकाळी ६:१५)

भुसावळ. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. कर्नल माझा विषय नाही, पण मुलगा हेच काम करतो आणि त्याच्याकडून ऐकताना मला नेहमी ब्लॉक इन्स्ट्रुमेंट आठवतं.

पलीकडच्या स्टेशनाने घंटीचे ठोके दिले की इकडच्या स्टेशन मास्तराने आधी ठोके परत देऊन पोच द्यायची. मग ट्रेन सिग्नल रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, मग गेटवाल्याला सांगायचं, मग पुढचं. पोच दिली नाही तर पलीकडचा पुन्हा पुन्हा घंटी मारत राहतो, कारण तुम्ही ऐकलं की नाही हे त्याला कळायला दुसरा मार्ग नाही. मुलगा म्हणतो की डिव्हाइसचंही तसंच, त्याच्या रजिस्टरला पोच दिल्याशिवाय त्याची तक्रार मिटत नाही.

---

गिरणाथडी (बुधवार, सकाळी ८:४०)

काका, अगदी नेमकं! तुम्ही सांगितलं ते लेव्हल प्रकाराच्या इंटरप्टचं वागणं. जोपर्यंत डिव्हाइसचं समाधान होत नाही तोपर्यंत रेषा वरच राहते. पोच न देता हँडलरमधून बाहेर आलात की त्याच क्षणी पुन्हा आत. दूधवाला बेलवर बोट दाबूनच उभा आहे असं समजा. एजचा प्रकार वेगळा: बेल एकदा वाजवली आणि तो पुढच्या घरी गेला. तेव्हा तुम्ही न्हाणीघरात असाल तर दूध गेलं. रावेरच्या भावाची रीड स्विचची पल्स एज प्रकारात मोडते.

---

पांझराकाठ (बुधवार, सकाळी १०:१०)

मला मुळात हा सगळा खटाटोपच पटलेला नाही. १० एचपीची मोटार सेकंदाला किती पाणी देणार? आठ लिटर धरा. १० लिटरला एक पल्स, म्हणजे सव्वा सेकंदाला एक. याला इंटरप्ट कशाला हवा? दर २० मिलिसेकंदाला पिन वाचा, सलग तीनदा तीच स्थिती दिसली तर खरी माना. ना हँडलर, ना लॉक, ना हँग. मी धुळ्यात औद्योगिक पॅनेल बनवतो, पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे नियंत्रक) आयुष्यभर हेच करतात: इनपुट वाचा, हिशेब करा, आउटपुट लिहा, पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या वर्षानुवर्षं चालतात.

इंटरप्ट म्हणजे आधुनिक आणि पोलिंग म्हणजे मागासलेलं, असं कॉलेजात शिकवतात. ते चूक आहे.

---

कर्नलवेडा (बुधवार, दुपारी १:३०)

पांझराकाठ, या कामापुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि शेवटचं वाक्य तर सर्वत्र बरोबर आहे. माझ्याच क्षेत्रातलं सांगतो. १० गिगाबिटच्या जाळ्यावर लहानात लहान पाकिटं आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार येऊ शकतात. दर पाकिटाला एक इंटरप्ट घेतला तर प्रोसेसर नुसता दार उघडत बसेल, पाकीट वाचायला वेळच उरणार नाही. यंत्र जिवंत दिसतं, पण हातून काम शून्य. म्हणून लिनक्सची नापी नावाची सोय असं करते की पहिला इंटरप्ट आला की त्या रांगेचे इंटरप्ट बंद, मग एका खेपेत जास्तीत जास्त ६४ पाकिटं या मापाने पोलिंग. रांग रिकामी झाली की इंटरप्ट पुन्हा चालू. वर्दळ नसताना इंटरप्ट, वर्दळ असताना पोलिंग.

शिवाय कार्डालाच सांगता येतं की दर पाकिटाला उठवू नकोस, इतकी जमू देत किंवा इतके मायक्रोसेकंद जाऊ देत. सावद्याला केळी भरताना दर घडाला मालकाला फोन करतात का? गाडी भरली की एकच फोन.

तरी मी रावेरच्या मित्राला इंटरप्ट सोडू नकोस असंच सांगेन. एक तर त्याला शिकायचं आहे. दुसरं, उद्या हाच बोर्ड सौर पॅनेलवर आणि बॅटरीवर चालवायचा असेल तर सेकंदाला ५० वेळा उठण्यापेक्षा सव्वा सेकंदाला एकदा उठणं परवडतं.

---

पांझराकाठ (बुधवार, दुपारी २:०५)

बॅटरीचा मुद्दा मान्य. पोलिंगचा पर्याय मात्र त्याने टेबलावर ठेवावा.

इंटरप्टवरून आठवलं. नव्वदच्या दशकात धुळ्यात आमचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाचं मशीन आलं, तक्रार अशी की इंटरनेट जोडलं की माउस मरतो. दोन दिवस मी माउस बदलत बसलो. शेवटी कळलं: माउस कॉम १ या सिरियल पोर्टवर, मोडेम कॉम ३ वर, आणि दोघांचा आयआरक्यू, म्हणजे इंटरप्टच्या रेषेचा क्रमांक, ४. १९८४ च्या एटी मशीनपासून इंटरप्ट सांभाळणाऱ्या ८२५९ च्या दोन चिप एकमेकींना जोडलेल्या असायच्या. आठ आणि आठ सोळा, पण एक रेषा जोडण्यातच जायची, म्हणून हाती १५. टायमर शून्यावर, कीबोर्ड एकवर, बाकीच्यांसाठी भांडणं. मोडेमचा जंपर काढून आयआरक्यू ५ वर टाकला आणि माउस जिवंत झाला. गिऱ्हाईक इतकं खूश झालं की वानोळा म्हणून भरिताची वांगी देऊन गेलं.

---

गिरणाथडी (बुधवार, दुपारी २:४०)

हे भांडण का व्हायचं तेही सांगते, कारण रावेरच्या प्रश्नाशी त्याचं नातं आहे. कार्डं जोडायच्या जुन्या आयसा बसवर इंटरप्ट एज प्रकारचे होते. एकाने रेषा वर नेलेली असतानाच दुसऱ्याने नेली तर नवी कड दिसतच नाही, दुसऱ्याची हाक हरवते. तिच्यानंतरच्या पीसीआय बसमध्ये लेव्हल प्रकार आला आणि एका रेषेवर अनेकांना बसता आलं. मग प्रत्येक हँडलरने आधी आपल्या डिव्हाइसला विचारायचं, "तू हाक मारलीस का?" नसेल तर "आयआरक्यू_नन" परत करायचं, म्हणजे हाक आपली नव्हती हे कर्नलला कळतं; रांगेतल्या बाकीच्यांनाही तो विचारतोच. कोणीच हो म्हणत नाही असं एक लाखापैकी ९९,९०० पेक्षा जास्त वेळा झालं तर लिनक्स "नोबडी केअर्ड" असं लिहून ती रेषाच बंद करतो.

आता एमएसआय-एक्स या नव्या पद्धतीत एका डिव्हाइसला २०४८ पर्यंत इंटरप्ट मिळू शकतात, रेषा नाहीच, डिव्हाइस मेमरीत एक लेखन करतं आणि तोच इंटरप्ट. पंधरांवरून भांडणारी ती दुकानं आठवली की हा फरक फार मोठा वाटतो.

---

रावेरचा_पोर (गुरुवार, रात्री १०:१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचे विशेष.

काल रात्री बदल केला. वरच्या हँडलरमध्ये फक्त लॉक, मोजणी, लॉक सोडणं. सेन्सर थ्रेडमध्ये. प्रिंट-के काढून टाकलं. "शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक" पूर्ण गेलं. टेबलावर दोन तास बटण दाबत होतो, काही झालं नाही.

आज संध्याकाळी शेतात लावलं. मोटार सुरू झाली आणि सातव्या मिनिटाला पुन्हा हँग. पिंग बंद, एसएसएच बंद. या वेळी मी तिथेच होतो. स्क्रीन जोडलेला होता, त्यावर काही सेकंदांनी आरसीयू स्टॉलचा संदेश आला, कोअर शून्य अडकल्याचा. मग प्लग काढला.

मोटारीमुळे व्होल्टेज पडतं का? बोर्डाचा पुरवठा बदलू का?

---

सातपुडा (गुरुवार, रात्री १०:३२)

नोंदणी करताना आयआरक्यूएफ_वनशॉट हा पर्याय लावला आहे का? थ्रेडेडमध्ये तो लागतोच. तो नसेल तर थ्रेड चालू असताना पुन्हा इंटरप्ट येतो आणि गोंधळ होतो.

---

कर्नलवेडा (गुरुवार, रात्री १०:५०)

सातपुडा, लागतोच असं नाही. वरचा हँडलर दिलाच नाही, नुसता थ्रेड दिला, तर वनशॉट लागतो. तो नसेल तर सहसा कर्नल नोंदणीच नाकारतो. लेव्हल प्रकारात तर त्याशिवाय थ्रेडला संधीच मिळणार नाही. पण इथे वरचा हँडलर आहे आणि त्याचं काम मोजायचं आहे. वनशॉट लावला तर थ्रेड संपेपर्यंत रेषा झाकलेली राहील. त्या काळात दोन पल्स आल्या तर त्यातली एकच लक्षात राहते. मोजणी चुकेल. त्याने तो न लावलेलाच बरा.

पुरवठ्याचं मला वाटत नाही. व्होल्टेज पडलं असतं तर बोर्ड रीसेट झाला असता. एकच कोअर अडकणं हे सॉफ्टवेअरचं लक्षण आहे.

---

गिरणाथडी (गुरुवार, रात्री ११:१०)

थांबा थांबा. भाऊ, एक सांगा. डिव्हाइस फाइल वाचताना, तुमच्या रीड फंक्शनमध्ये, मोजणी घेताना तोच लॉक धरता का? आणि कसा धरता? साधा स्पिन_लॉक?

---

रावेरचा_पोर (गुरुवार, रात्री ११:१४)

हो ताई. तोच लॉक, साधा स्पिन_लॉक. दोन्हीकडे सारखाच असावा म्हणून.

---

गिरणाथडी (गुरुवार, रात्री ११:४५)

सापडलं. सावकाश वाचा, हे एकदा डोक्यात बसलं की जन्मभर पुरतं.

तुमचा वरचा प्रोग्राम कोअर शून्यवर चालू आहे. त्याने फाइल वाचली, कर्नलमध्ये रीड फंक्शन सुरू झालं, त्याने लॉक धरला. अजून सोडलेला नाही. नेमक्या त्याच क्षणी, त्याच कोअरवर, पल्सचा इंटरप्ट आला. रीड फंक्शन जिथल्या तिथे थांबलं, लॉक हातात घेऊनच. हँडलर आला आणि तोच लॉक मागू लागला. लॉक मोकळा नाही, म्हणून तो जागच्या जागी गिरक्या घेत वाट पाहतोय. लॉक सोडणार कोण? रीड फंक्शन. ते पुढे सरकणार कधी? हँडलर संपल्यावर. हँडलर संपणार कधी? लॉक मिळाल्यावर. झालं. त्या कोअरवर इंटरप्ट बंद आहेत, त्यामुळे त्याला बाहेरून कोणी उठवूही शकत नाही.

पाय ४ वर बहुतेक सगळे इंटरप्ट मुळात कोअर शून्यलाच जातात, नेटवर्कचेसुद्धा. /प्रॉक/इंटरप्ट्स ही प्रत्येक कोअरचे इंटरप्ट मोजणारी फाइल उघडा, पहिल्या रकान्यातच आकडे फुगलेले दिसतील. म्हणून पिंग बंद. आणि तुमचा प्रोग्राम दुसऱ्या कोअरवर असतो तेव्हा काहीच होत नाही: हँडलर थोडा थांबतो, पलीकडचा कोअर लॉक सोडतो, काम पुढे. म्हणून कधी सात मिनिटं, कधी तीन.

उपाय: रीड फंक्शनमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह. लॉक धरण्याआधी त्या कोअरचे इंटरप्ट बंद, सोडताना आधी जसे होते तसे. खरं तर एका आकड्याच्या मोजणीला लॉकच नको, अ‍ॅटॉमिक चल (ज्याची वाढ मध्येच तुटत नाही) वापरा. पण आधी आयआरक्यूसेव्ह लावून बघा आणि मगच ते काढा, म्हणजे कशाने बरं झालं ते कळेल.

आणि घरच्या बोर्डवर प्रूव्ह-लॉकिंग चालू करून कर्नल बांधा. लॉकडेप नावाचा पहारेकरी हा दोष बोर्ड हँग होण्याआधीच दाखवतो. लॉक एकदा इंटरप्ट चालू असताना धरला आणि एकदा हँडलरमध्ये धरला, एवढं दिसलं की तो ओरडतो. प्रत्यक्ष अडकायची वाट बघत नाही.

---

शेवभाजी (शुक्रवार, सकाळी ७:५०)

म्हणजे घरात एकच किल्ली. ती खिशात घेऊन एक जण दारात थांबला, आणि ज्याच्यासाठी थांबला तो त्याच किल्लीची वाट बघतोय. मला कळलं! पहिल्यांदाच कर्नलचं काही कळलं.

---

तोरणमाळ (शुक्रवार, सकाळी ९:३०)

नंदुरबारहून, तिसरं वर्ष. आम्ही अभ्यासात एक्सव्ही-सिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम वाचतो, रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवरची. त्यात अ‍ॅक्वायर फंक्शनची पहिलीच ओळ पुश_ऑफ आहे, म्हणजे इंटरप्ट बंद करणं. शेजारी टिपण आहे की डेडलॉक टाळण्यासाठी. मी ती ओळ तीनदा वाचली होती आणि पाठ करून टाकली होती. आज ताईंचं उत्तर वाचून ती ओळ तिथे का आहे हे कळलं.

एक शंका. एक्सव्ही-सिक्स सगळ्याच लॉकांना इंटरप्ट बंद करतं. लिनक्स का नाही करत? मग ही चूकच झाली नसती.

---

कर्नलवेडा (शुक्रवार, सकाळी ११:००)

तोरणमाळ, छान प्रश्न. एक्सव्ही-सिक्स शिकवण्यासाठी आहे, तिथे सोपेपणा मोलाचा. लिनक्समध्ये हजारो लॉक असे आहेत की ज्यांना कुठलाच हँडलर हात लावत नाही. त्या प्रत्येकासाठी इंटरप्ट बंद केले तर डिव्हाइसला उत्तर मिळायला उशीर होतो. ध्वनी तुटतो, मोटार नियंत्रणात तर अपघात होतो. म्हणून लिनक्स ती जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकतो आणि चूक धरायला लॉकडेप देतो. २०२४ मध्ये ६.१२ कर्नलमध्ये प्रीएम्प्ट-आरटी (वेळेत उत्तर हमखास मिळावं यासाठीचा पर्याय) आलं, ते अजून पुढे गेलं आहे: तिथे बहुतेक हँडलर आपोआप थ्रेडमध्ये जातात आणि साधे स्पिनलॉक झोपू शकणारे होतात.

एक्सव्ही-सिक्स मधलं प्लिक_क्लेम आणि प्लिक_कम्प्लीट पाहिलंत का? कुठला इंटरप्ट आला ते विचारायचं, काम करायचं, संपलं म्हणून कळवायचं. सिग्नलघर काकांची घंटी तिथे चार ओळींत दिसेल.

---

रावेरचा_पोर (शनिवार, रात्री ८:२०)

ताई, तुमचंच बरोबर. काल रात्री आयआरक्यूसेव्ह लावलं. दोनदा लाईट आली-गेली, मोटार दोनदा सुरू झाली, बोर्ड सकाळपर्यंत जिवंत. नाना निवांत झोपले, हे मला सगळ्यात महत्त्वाचं.

पण सकाळी हिशेब पाहिला तर पाणी भलतंच जास्त दाखवतंय. म्हणून मोटार सुरू करण्याआधी आणि नंतर /प्रॉक/इंटरप्ट्स पाहिलं. स्टार्टर ओढला त्या एका सेकंदात तीन हजारांवर इंटरप्ट! पाणी तर तेव्हा मीटरपर्यंत पोचलेलंही नसतं.

आता उलगडलं. टेबलावर मी मिनिटाला वीस वेळा बटण दाबायचो, त्यामुळे लॉक आणि इंटरप्ट यांची गाठ पडायची शक्यताच नगण्य. शेतात पुन्हा पुन्हा हजारोंनी येतात, कधीतरी गाठ पडणारच. दोष पहिल्या दिवसापासून माझ्याच कोडमध्ये होता.

---

सिग्नलघर (रविवार, सकाळी ६:३०)

आता माझा विषय आला.

साठ मीटर वायर म्हणजे अँटेना. ती मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून आणली आहे का? असेल तर आधी वेगळी करा, शक्य तेवढी दूर, आणि एकमेकींना ओलांडायचीच असेल तर काटकोनात. पिळाची जोडतार घ्या, वर शिल्ड असलेली, आणि शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा. स्टार्टरच्या कॉइलला सर्ज सप्रेसर लावा. बोर्डाच्या पिनला ती वायर सरळ जोडू नका, मध्ये पीसी८१७ सारखा ऑप्टोकप्लर (तारेऐवजी प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा) टाका. वीज कडाडली तर पिन तरी वाचायची शक्यता राहील. ऑप्टोच्या पुढे आरसी, म्हणजे १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे १० मिलिसेकंदाचा गाळ. तुमची पल्स सव्वा सेकंदाला एक, तिला काही धक्का लागत नाही.

तारेतला कचरा तारेतच थांबवा. कोडपर्यंत येऊ देऊ नका.

---

पांझराकाठ (रविवार, सकाळी ९:००)

काकांना +१००. कोडमध्ये "५० मिलिसेकंदांत आलेली दुसरी पल्स धरू नये" असंही घाला. पण लक्षात ठेवा, त्याने मोजणी सुधारेल, इंटरप्टचा मारा थांबणार नाही. आत यावंच लागतं, मग सोडून द्यावं लागतं.

---

कर्नलवेडा (रविवार, सकाळी ११:४०)

मारा थांबवायचा असेल तर हँडलरमध्ये डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक करा आणि ५० मिलिसेकंदांचा टायमर लावून पुन्हा चालू करा. नोसिंकच हवं. साधं डिसेबल_आयआरक्यू चालू हँडलर संपायची वाट बघतं, आणि तो हँडलर तुम्हीच. पुन्हा तीच किल्ली!

शिकून झालं की एक गोष्ट करा. नुसत्या पल्स मोजण्यासाठी कर्नलमध्ये इंटरप्ट-काउंट नावाचा छोटा ड्रायव्हर आधीच आहे, ५.१३ पासून. आणि ५.१० पासून जीपीआयओ च्या कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये डिबाउन्सची (लागोपाठच्या खोट्या पल्स गाळण्याची) वेळ सांगता येते, म्हणजे ड्रायव्हर न लिहिताही वरच्या प्रोग्राममधून काम होतं. तुमच्या कोडशेजारी ठेवून वाचा. इंटरप्ट-काउंटमध्ये मोजणीला अ‍ॅटॉमिक चलच आहे, लॉक नाही.

---

सातपुडा (रविवार, दुपारी ४:१५)

वनशॉटचं समजलं, धन्यवाद. पण मूळ प्रश्न राहिला की. हँडलरमध्ये किती काम? काही आकडा आहे का?

---

गिरणाथडी (रविवार, संध्याकाळी ६:००)

सगळ्यांना लागू होईल असा आकडा नाही, कारण तो शेजाऱ्यांवर ठरतो. त्या कोअरवर जो दुसरा डिव्हाइस सगळ्यात कमी थांबू शकतो, त्याच्याहून तुमचा हँडलर कमी वेळाचा हवा. सिरियल पोर्टची बफर १६ बाइटची असेल आणि ११५२०० वर डेटा येत असेल तर ती १.४ मिलिसेकंदांत भरते. तुमचा हँडलर दोन मिलिसेकंद बसला तर त्याचे बाइट सांडतात, आणि तो बिचारा आपल्याच ड्रायव्हरमध्ये चूक शोधत बसतो.

म्हणून मोजा. एफट्रेस या कर्नलमधल्या नोंदी घेणाऱ्या साधनात हँडलरच्या प्रवेशाची आणि बाहेर पडण्याची नोंद घेता येते, आणि इंटरप्ट सर्वांत जास्त काळ कुठे बंद राहिले ते दाखवणारा वेगळा ट्रेसर आहे. माझी सवय अशी की हँडलर काही मायक्रोसेकंदांच्या वर गेला की मी त्यातलं काहीतरी खाली ढकलते. आणि ढकलता येत नसेल तर बहुतेक वेळा हार्डवेअरचा आराखडाच पुन्हा पाहायची गरज असते.

---

रावेरचा_पोर (पुढचा शनिवार, रात्री ९:१०)

वायर वेगळ्या पाइपातून ओढली, नाना आणि मी मिळून दिवसभर चर खणला. ऑप्टो आणि आरसी लावले. लॉक काढून अ‍ॅटॉमिक केलं. ५० मिलिसेकंदांची अटही आहे. आता स्टार्टर ओढला तरी /प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये एखादाच फालतू इंटरप्ट दिसतो, बहुतेक वेळा तोही नाही. एफट्रेसने पाहिलं, हँडलर तीन मायक्रोसेकंदांच्या आत संपतो.

घरी लॉकडेपवालं कर्नल बांधून माझा जुना कोड मुद्दाम चालवला. बटण दोनदा दाबलं आणि लॉगमध्ये ताईंनी सांगितलेला इशारा आला, ओळ क्रमांकासकट.

आज पहाटे चारला फोनवर संदेश आला की प्रवाह निम्म्यावर आला आहे. नाना उजाडल्यावर गेले, फिल्टर उघडला, शेवाळ काढलं. आठ वाजेपर्यंत शेवटच्या ओळीतल्या झाडांनाही पाणी पोचलं होतं.

---

सिग्नलघर (पुढचा शनिवार, रात्री ९:३५)

शाब्बास. चर बुजवण्याआधी वायरच्या वर विटांचा एक थर द्या, नांगर लागणार नाही.